जळगावहून एका दिवसात बुऱ्हाणपूर बघून होतं का? तिथला किल्ला अन् महाल खरंच बघण्यासारखा आहे का?

होतं की, आरामात. मी रावेरचा, आम्हाला जळगावपेक्षा बुऱ्हाणपूर जवळ, घरातल्या लग्नांचे बस्तेसुद्धा तिकडूनच यायचे. गाव आता एमपीत असलं तरी फारुकी सुलतानांच्या काळात खानदेशची राजधानी तीच होती.

फक्त महाल म्हटल्यावर राजस्थानसारखं काही डोक्यात घेऊन जाऊ नका, हिरमोड होईल. शाही किल्ल्यातला राजवाडा बराचसा पडलाय, भिंती अन् कमानी तेवढ्या उरल्यात. पण हमामखाना, म्हणजे शाही न्हाणीघर, सोडू नका भाऊ. मी पहिल्यांदा मे महिन्यात भर बारा वाजता गेलो होतो (शहाणपणा!), डोकं तापलेलं, आत शिरलो अन् एकदम गारवा, मधे दगडी हौद, अन् मान वर केली तर छतावर रंगीत वेलबुट्टी, काही ठिकाणी गिलावा निघून गेलाय पण जे राहिलंय ते बघताना मान दुखते तरी खाली बघवत नाही. गाईड तिथेच ताजमहालचं चित्र दाखवतो, मला काही ते दिसलं नाही.

मग मागच्या बाजूने तापी बघा, किल्ला अगदी नदीवरच उभा आहे. 1631 च्या जूनमध्ये मुमताज इथेच गेली, चौदाव्या बाळंतपणात. तिला आधी पुरलं ते पलीकडच्या काठाला, जैनाबादच्या आहूखान्यात (हरणं ठेवायची शाही बाग), अन् सहाएक महिन्यांनी आग्र्याला नेलं. आहूखान्यात लोक फारसे जात नाहीत, पडीकच आहे, पण मला तीच जागा जास्त लागली मनाला.

जामा मशिदीत संस्कृत शिलालेख आहे, तो विचारून बघा, नाहीतर लक्षातच येत नाही. कुंडी भंडारा म्हणजे 1615 च्या सुमाराची पाण्याची सोय, सातपुड्यातून झिरपणारं पाणी जमिनीखालून एका विहिरीतून दुसरीत असं गावापर्यंत आणलेलं. खाली लिफ्टने उतरतात, ती चालू आहे का ते आधी विचारा. स्टेशनच्याच बाजूला, लालबागकडे आहे, त्यामुळे रेल्वेने गेलात तर ते आधी उरका.

असीरगडचा किल्ला त्याच दिवशी घुसडू नका, वीसेक किलोमीटर पुढे आहे तो अन् त्याला वेगळा दिवस लागतो. अन् मावा जलेबी तिथेच गरम खा, पार्सल घरी येईपर्यंत गोळा होतो.