सोयाबीन पिवळे पडले? युरियाचे पोते आधी खाली ठेवा

प्रश्न : सोयाबीन 25 दिवसांचे आहे. आठ-दहा दिवस झड लागली होती. उघडीप मिळताच शेंड्याची पाने पिवळी पडली. दुकानदार एकरी अर्धे पोते युरिया फेकायला आणि टॉनिक, कीटकनाशक, बुरशीनाशक एकाच पंपात मारायला सांगतो. काय करावे? (परभणी, हिंगोली, लातूर भागातील शेतकरी)

उत्तर : युरिया टाकू नका. एकाच पंपातली खिचडीही नको.

आधी पान पाहा. कोवळी पाने पिवळी, शिरा हिरव्या आणि खालची पाने ठीक असतील तर ती लोहाची कमतरता आहे. आपल्या चुनखडीच्या काळ्या जमिनीत लोह असते, पण पाणी साचून मुळांची हवा तुटली की पिकाला ते उचलता येत नाही. त्यावर युरिया काय करणार? सोयाबीन आपले नत्र मुळांवरच्या गाठींत बनवते. खुरप्याने एक झाड मातीसकट काढा, गाठ चिरा. आत लालसर-गुलाबी दिसली तर गाठी कामावर आहेत. युरिया पडला की त्या सुस्तावतात, पीक नुसते माजते आणि कोवळ्या पाल्यावर अळ्या जमतात. परभणीच्या कृषी विद्यापीठाची शिफारस हेक्टरी 30 किलो नत्र, 60 स्फुरद, 30 पालाश आणि 20 गंधक अशी आहे, तीही पेरणीबरोबर. उभ्या पिकात युरिया नाही म्हणजे नाही.

पहिले काम साचलेले पाणी काढणे. वाफसा येताच (माती कामाजोगी सुकताच) कोळपणी करा, म्हणजे ओळींतली माती हलवा, हवा खेळली की निम्मा पिवळेपणा जातो. मग 10 लिटर पाण्यात 50 ग्रॅम फेरस सल्फेट आणि 10 ग्रॅम सायट्रिक ॲसिड मिसळून संध्याकाळी फवारा. नवी पाने हिरवी आली नाहीत तरच 8-10 दिवसांनी पुन्हा. मात्रा दुप्पट केली तर पाने करपतील. या द्रावणात दुसरे काही मिसळू नका.

तणनाशक नुकतेच मारले असेल तर थोडा पिवळेपणा आठवडाभर राहतो आणि आपोआप जातो, त्याला औषध नाही. पानांवर पिवळे-हिरवे चट्टे असतील तर तो मोझॅक, पांढऱ्या माशीचे काम. अशी झाडे उपटून पुरा. खोड चिरून आत लाल बोगदा आणि अळी दिसली तर खोडमाशी. शंभरात 10-15 झाडांत ती सापडली तरच क्लोरॅन्ट्रानिलिप्रोल 18.5 टक्के हे कीटकनाशक, एकरी 60 मिली. बाकी शेताला कीटकनाशकाची गरज नाही, आणि ‘सोबत मारून टाका’ हे दुकानदाराच्या गल्ल्याचे गणित आहे. पिकाचे नव्हे. जे घ्याल त्याचे पक्के बिल घ्या.

हा त्रास मुळात सपाट पेरणीचा आहे. यंदा उपाय एकच : कोळप्याला दोरी गुंडाळून दर चार ओळींनंतर सरी पाडा, फुले लागण्याआधी. पुढच्या वर्षी रुंद वरंबा सरी यंत्रानेच पेरा. जादा पाणी सरीतून निघून जाते आणि पावसात खंड पडला तर ओल तिथेच मुरलेली असते. बियाणे एकरी 20-22 किलो पुरते, सपाट पेरणीत 26 लागते. 75 ते 100 मिमी पाऊस झाल्याशिवाय पेरू नका, बी 5 सेंमीपेक्षा खोल टाकू नका. बीजप्रक्रियेत आधी बुरशीनाशक, मग कीटकनाशक आणि रायझोबियम (गाठी बनवणारे जिवाणू) शेवटी, पेरणीपूर्वी सावलीत. क्रम उलटला की जिवाणू मरतात. नंतर गाठी दिसत नाहीत म्हणून क्रम चुकवणारी हीच मंडळी युरियाच्या रांगेत उभी राहतात.

सलग सोयाबीनचा हट्टही सोडा. चार ओळी सोयाबीन, दोन ओळी तूर. तुरीचा बदनापूरचा बीडीएन 711 हा वाण चालतो. सोयाबीन फसले तरी तूर उभी राहते.

यंत्राच्या अनुदानासाठी महाडीबीटी या सरकारी संकेतस्थळावर अर्ज, शेतकरी ओळख क्रमांक हवा. पूर्वसंमती मिळण्याआधी यंत्र विकत घेऊ नका. बाकी सहाय्यक कृषी अधिकाऱ्यांना (पूर्वीचे कृषी सहायक) विचारा.