गुडघ्यासाठी पोस्टातली ठेव मोडायची का?

वेंगुर्ल्याच्या एका ताईंचं पत्र आलंय. वय ६९, येत्या जानेवारीत सत्तरी. कुटुंब निवृत्तिवेतन महिना १९,०००. पोस्टात ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत ५ लाख, तीन वर्षांपूर्वी ८.२ टक्क्यांनी ठेवलेले. दोन्ही गुडघ्यांची गादी झिजलेली, एक्स-रेवर ‘ग्रेड ४’, म्हणजे झिजेची शेवटची पायरी. शुगर आहे. एका दवाखान्याने पीआरपीचं, म्हणजे आपल्याच रक्तापासून तयार केलेल्या इंजेक्शनांचं पॅकेज सांगितलंय: प्रत्येक गुडघ्याला तीन, एकाचे १२,०००, एकूण ७२,०००. नेहमीचे डॉक्टर म्हणतात स्टिरॉइडचं घ्या, गुडघ्यामागे १,५००. चतुर्थीला मुंबईची मंडळी येणार, तोवर चुलीपाशी उभं राहता आलं पाहिजे. ठेव मोडू का, असं त्या विचारतात.

ताई, मोडू नका.

त्या खात्यातून हवे तेवढेच पैसे काढता येत नाहीत. मुदतीआधी हात लावायचा तर अख्खं खातं बंद करावं लागतं, आणि दोन वर्षं उलटून गेली तरी मुद्दलातले १ टक्का, तुमचे ५,००० कापले जातात. दर तिमाहीला येणारं १०,२५० व्याजही थांबतं. पेन्शनला जोड त्या व्याजाचीच आहे, हे पत्रातच दिसतंय.

एवढं करून मिळणार काय? ऑस्ट्रेलियात २८८ रुग्णांवर झालेली मोठी चाचणी २०२१ साली प्रसिद्ध झाली. निम्म्यांना पीआरपी, निम्म्यांना नुसतं सलाइन टोचलं. वर्षभराने दोन्ही गटांच्या दुखण्यात म्हणण्यासारखा फरक नव्हता, कूर्चाही, म्हणजे गुडघ्यातली गादी, वाचली नाही. आणि ते रुग्ण सौम्य-मध्यम झिजेचे होते, तुमच्यासारखे ग्रेड ४ चे नव्हेत. काही छोट्या अभ्यासांत फायदा दिसलाय, पण तेवढ्यावर ७२,००० लावा असं मी सांगणार नाही. शेजारणीने सांगितलेलं ‘वंगणाचं’, म्हणजे हायल्युरॉनिक ॲसिडचं इंजेक्शनही नको. सलाइनच्या तुलनेत त्याचा फायदा फार थोडा निघालाय.

स्टिरॉइडची बाजू वेगळी आहे. ते झीज भरून काढत नाही, पण काही आठवडे दुखणं खरोखर कमी करतं. तुम्हाला हवाय तो चतुर्थीचाच काळ. दोनेक आठवडे आधी घ्या, ३,००० व्याजातून जातील. फक्त दोन गोष्टी डॉक्टरांशी बोलून घ्या. इंजेक्शननंतर काही दिवस शुगर वर जाते. आणि ते सारखं घेत राहू नये: दर तीन महिन्यांनी दोन वर्षं टोचलेल्या रुग्णांत कूर्चा अधिक झिजल्याचं २०१७ च्या एका अभ्यासात दिसलं.

उरलेल्या व्याजातून फिजिओथेरपिस्टकडे जाऊन मांडीचे व्यायाम शिका. दुखण्यावर लावायचं डायक्लोफेनॅक जेल चालेल का तेही डॉक्टरांना विचारा, स्वस्त आहे आणि गुडघ्याला लागू पडतं. खळ्यातून वर येणाऱ्या जांभ्याच्या पायऱ्यांवर पावसात शेवाळ धरतं म्हणता, तिथे लोखंडी कठडा बसवून घ्या. भारतीय बैठकीच्या संडासावर ठेवायची कमोड खुर्चीही घ्या. या दोन वस्तूंवर खर्च करताना हात आखडता घेऊ नका, दुखऱ्या गुडघ्याने पडलात तर सगळा हिशोब बिघडेल.

ग्रेड ४ ला पुढेमागे सांधेबदलाचा विषय निघणारच. कृत्रिम गुडघ्याच्या किमतीवर २०१७ पासून सरकारी मर्यादा आहे, तरी हॉस्पिटलचं बिल मोठंच असतं. सत्तरी पूर्ण झाली की उत्पन्न न पाहता आयुष्मान वय वंदना कार्ड मिळतं, वर्षाला ५ लाखांपर्यंतच्या उपचारखर्चाचं संरक्षण. जानेवारीत आधार घेऊन ते काढा. गुडघेबदल त्यात कुठे आणि कसा बसतो, हे योजनेतल्या हॉस्पिटलातल्या आरोग्यमित्राकडून आधीच विचारून ठेवा. स्टिरॉइडनंतर तीन महिन्यांच्या आत ही शस्त्रक्रिया केली तर जंतुसंसर्गाचा धोका वाढतो. चतुर्थीचं इंजेक्शन आणि जानेवारीचं कार्ड यांत तेवढं अंतर आपसूक पडतं. तेव्हा कार्डात न बसणारा खर्च, सोबतीच्या माणसाचा मुक्काम, घरी आल्यावरची फिजिओथेरपी, यांसाठी ठेव हाताशी लागेल.

पॅकेजवाले ‘या आठवड्यात सूट’ म्हणून आगाऊ रक्कम मागत असतील तर देऊ नका. दिली असेल तर पावती घेऊन मुलाला सोबत न्या आणि परत मागा.