ओआहूवर गाडी घेऊन फिरताना जुने टिकी बार कुठे पाहावेत?

तुम्ही विचारलंय की हवाईच्या ओआहू बेटावर, होनोलुलूत चार दिवस गाडी हाताशी आहे, तर खरे जुने टिकी बार, म्हणजे पॅसिफिक बेटांच्या थाटात सजवलेले रमच्या कॉकटेलांचे बार, कुठले. आधीच सांगते, फार उरलेले नाहीत. आणि टिकी बार ही मुळात हवाईची चीज नाहीच. डॉन बीच आणि 'ट्रेडर विक' बर्जरॉन या दोघा बारमालकांनी तो कॅलिफोर्नियात उभा केला आणि मग तो बेटांवर आला. माई ताईसुद्धा (हे रमचं कॉकटेल) विकनं 1944 साली ओकलंडमध्ये बनवली, 1953 मध्ये ती होनोलुलूच्या वायकिकी किनाऱ्यावरच्या रॉयल हवाईयन हॉटेलात पोचली.

एकच ठिकाण करायचं असेल तर होनोलुलू बंदराजवळच्या सँड आयलंड ॲक्सेस रोडवरचं ला मारियाना. ॲनेट नाहिनू या बाईंनी 1957 मध्ये सुरू केलेला बोटवाल्यांचा क्लब. रस्ता बघून नवरा म्हणाला, "मॅप चुकलाय." दोन्ही बाजूंना गोदामं, कंटेनर, ट्रक. पुढे अचानक बोटींच्या डोलकाठ्या दिसल्या.

आत शिरल्यावर खुर्ची धरायच्या आधी वर बघा. फुगलेले काटेरी मासे वाळवून त्यांच्या पोटात दिवे लावलेत. मासेमारीची जाळी तरंगत ठेवणारे काचेचे गोळे, कोरलेले लाकडी खांब. यातलं बरंचसं सामान वायकिकीतल्या बंद पडलेल्या बारमधून आलंय: डॉन द बीचकोंबर, ट्रेडर विक्स, कॉन टिकी, ताहितियन लानाई. आपल्याकडे वाडा पाडताना कोणीतरी नक्षीचे खांब उचलून नेतं ना, तसंच. म्हणून मला हे एकच ठिकाण पाच ठिकाणांसारखं वाटलं.

माई ताई मागवताना अननसाचा रस नको म्हणून सांगा. मूळ कृतीत रम, लिंबू, संत्र्याचं क्युरासाओ, थोडा पाक आणि ओर्झा, म्हणजे बदामाचं सिरप. अननस हवाईत आल्यावर शिरला. मी दोन्ही प्यायले. अननसवाली सरळ सरबत लागते.

निळं काही हवं असेल तर ब्लू हवाई. हॅरी यी या बारटेंडरनं ती 1957 मध्ये, आज हिल्टन हवाईयन व्हिलेज म्हणतात त्या हॉटेलात तयार केली. वायकिकीत हे सगळं पायी होतं, गाडी हॉटेलवरच ठेवा. ला मारियानाला मात्र गाडीच बरी, त्यामुळे आमच्यातला एकजण कोरडा राहिला. चिठ्ठ्या टाकल्या होत्या, मी जिंकले.

एक गोष्ट खटकली. टिकी म्हणजे पॉलिनेशियन, म्हणजे पॅसिफिक बेटांवरच्या, लोकांच्या देवांच्या, पूर्वजांच्या मूर्ती, आणि दुकानात त्यांच्याच तोंडाचे मग विकायला. गणपतीच्या तोंडाचा बिअर मग कोणी पुढे केला तर कसं वाटेल, तसं झालं. मी तो मग घेतला नाही, काचेचा एक छोटा गोळा आणला.

जायच्या आधी फोन करून वेळ विचारा आणि उजेड असतानाच पोचा. अंधारात ते वळण सापडत नाही, आम्ही दुसऱ्या खेपेला दोनदा पुढे गेलो.