वाचकांचे प्रश्न : दोन सेकंदांचा ताल आणि परवानगी

प्रश्न : मी हौसेखातर जुन्या गाण्यांचे तुकडे घेऊन, त्यांची लय बदलून आणि त्यांवर स्वतः वाजवलेले सूर चढवून नव्या रचना तयार करतो. अलीकडे अशी एक रचना इंटरनेटवर टाकताच हक्कभंगाची सूचना आली आणि तिचा आवाज बंद करण्यात आला. मी मूळ गायकाचे नाव दिले होते, एक पैसाही कमावलेला नव्हता आणि घेतलेला तुकडा तीस सेकंदांपेक्षा लहान होता. मग हा हक्कभंग कसा?

उत्तर : आपण दिलेली तिन्ही कारणे सर्रास ऐकू येतात, परंतु त्यांपैकी एकानेही परवानगीची गरज आपोआप संपत नाही. तीस सेकंदांची सूट ही निव्वळ ऐकीव गोष्ट आहे. श्रेय दिले म्हणजे परवानगी मिळाली असे होत नाही. आणि आपण कमाई केली नाही ही बाब न्यायालय लक्षात घेते, पण तेवढ्यावर निकाल देत नाही.

खरी गुंतागुंत अशी, की ध्वनिमुद्रित गाण्यावर दोन वेगवेगळे हक्क असतात. शब्द आणि चाल यांचा हक्क मुळात गीतकार व संगीतकार यांचा, तर प्रत्यक्ष ध्वनिमुद्रणाचा हक्क बहुधा ते करवून घेणाऱ्या कंपनीचा. मुद्रणातला तुकडा जसाच्या तसा उचलला, की दोन्हींकडे परवानगी मागण्याची वेळ येऊ शकते. तोच ताल आपण नव्याने वाजवून मुद्रित केला, तर अमेरिकेच्या कायद्यानुसार ध्वनिमुद्रणाचा हक्क आड येत नाही, चालीचा मात्र येतो. व्यावसायिक निर्माते कित्येकदा सॅम्पल, म्हणजे मूळ मुद्रणातला तुकडा, न घेता ती जागा वादकांकडून हुबेहूब वाजवून घेतात, त्याचे हे एक कारण आहे. (कायद्यामुळे कलेला मिळालेले हे वळण मला थोडे गमतीदार वाटते : मूळ आवाजाची नक्कल चालते, मूळ आवाज चालत नाही.)

किती लहान तुकडा चालेल, यावर न्यायालयांचेही एकमत नाही. अमेरिकेतील एका अपील न्यायालयाने २००५ मध्ये गिटारच्या दोन सेकंदांच्या तुकड्यासाठीही परवाना हवा, असे ठरवले. दुसऱ्या अपील न्यायालयाने २०१६ मध्ये ०.२३ सेकंदाचा वाद्यांचा आघात नगण्य मानून दावा फेटाळला. जर्मनीत क्राफ्टवर्क या बँडच्या १९७७ सालच्या मुद्रणातील सुमारे दोन सेकंदांचा ताल १९९७ मधील एका रॅप गाण्यात वापरला गेला आणि त्यावरील खटला दोन दशकांहून अधिक काळ वरखाली होत राहिला. त्यात युरोपीय न्यायालयाने २०१९ मध्ये म्हटले, की तुकडा ऐकणाऱ्याला ओळखू येणार नाही इतका बदलून वापरला, तर मुद्रणकर्त्याची परवानगी लागत नाही. रीमिक्सचा जीव मात्र बहुधा तो तुकडा ओळखू येण्यातच असतो, त्यामुळे ही सवलत आपल्यासारख्यांच्या फारशी कामाची नाही.

राहिला सर्जनशीलतेचा मुद्दा. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९९४ मध्ये एका लोकप्रिय गाण्याच्या रॅप विडंबनाविषयी सांगितले, की विडंबन विकले जाते एवढ्यावरून ते अनुचित ठरत नाही. नव्या कृतीने मूळ कृतीत वेगळा अर्थ वा हेतू किती घातला, हा प्रश्न त्यामुळे केंद्रस्थानी आला. परंतु अमेरिकी चित्रकार अँडी वॉरहॉल यांच्या चित्रासंबंधीच्या २०२३ च्या निकालात त्याच न्यायालयाने स्पष्ट केले, की नवा अर्थ दिसला म्हणून भागत नाही, दोन्ही कृती एकाच कामासाठी वापरल्या जात असतील तर बाजू कमकुवत होते. माझ्या मते ही कसोटी मूळ गाण्याची खिल्ली उडवणाऱ्याला जितके बळ देते, तितके त्या गाण्यावरील प्रेमापोटी त्याचा ताल उचलणाऱ्याला देत नाही, आणि हा रीमिक्स करणाऱ्यांवर अन्यायच आहे. जर्मनीने २०२१ मध्ये विडंबन व व्यंगचित्र यांच्याबरोबर ‘पास्टिश’ या अनुकरणाच्या कलाप्रकारालाही कायद्यात अपवाद दिला, तो म्हणूनच महत्त्वाचा.

आपल्याला आलेली सूचना काही मिनिटांत आली असेल, तर ती बहुधा ध्वनीची जुळणी करणाऱ्या यंत्रणेने पाठवलेली आहे. तिला साम्य कळते, विडंबन कळत नाही; ती न्यायालयाचा निकालही नव्हे. आपली कृती मूळ गाण्यावर भाष्य करत असेल, तर ते नेमके कोठे करते हे लिहून आक्षेप नोंदवा. तसे नसेल, तर परवानगी मागणे किंवा तुकडा बदलणे बरे.

प्रश्न : क्रिएटिव्ह कॉमन्सचा (ठरावीक अटींवर कृती सर्वांना वापरू देणारा) परवाना असलेले संगीत माझ्या व्हिडिओला लावता येईल ना?

उत्तर : परवान्याच्या नावातील इंग्रजी अक्षरे पाहून ठरवा. ‘एनडी’ असेल, तर बदललेली कृती प्रसिद्ध करता येत नाही, आणि हलत्या चित्राशी संगीत जुळवणे हाही या परवान्यांत बदलच मानला जातो. ‘एसए’ असल्यास आपली नवी कृतीही त्याच अटींवर खुली करावी लागते. फक्त ‘बीवाय’ असेल, तर नाव, परवाना आणि केलेला बदल नमूद करून खुशाल वापरा.