आईच्या मनगटाला आधार द्यायला घ्यायचा, गरम पाण्यात आकार घेणारा थ्रीडी प्रिंटेड मनगटपट्टा गोव्याच्या उन्हात टिकेल का?

आईच्या हातावर टिकेल. मे महिन्यात पणजीत उन्हात उभ्या बंद गाडीत मात्र नाही. असा पट्टा ज्याचा छापतात ते पीएलए प्लास्टिक साधारण 60 अंश सेल्सिअसला मऊ पडतं आणि डॅशबोर्ड तेवढा तापू शकतो. छपाईच्या वेळी प्लास्टिकच्या धाग्यात ताण गोठून राहतो. उष्णता मिळाली की धागा ज्या दिशेने छापला त्याच दिशेने आखडतो, म्हणून थरांच्या दिशा बदलून पट्टी हवी तशी वळवता येते. (2013 पासून याला ‘फोरडी प्रिंटिंग’ म्हणतात.) इथल्या दमट हवेत घामाने कातडी लवकर सोलवटते, तेव्हा जाळीदारच घ्या. आणि घरी गरम पाण्यात बुडवून स्वतः वळवू नका, कृपा करून! बोटं बधिर होत असतील तर लगेच काढून बांबोळीला गोमेकॉत (गोवा वैद्यकीय महाविद्यालयाच्या इस्पितळात) दाखवा.