डेटा पाइपलाइनच्या नोटबुक्स गिटमध्ये आयपीवायएनबी (ज्युपिटरची नोटबुक फाइल) म्हणून ठेवाव्यात की साध्या पीवाय (पायथन) फाइल म्हणून?

पीवाय. शेड्युलवर चालणारी नोटबुक पीवाय, आणि डेटा चाचपडून बघायची नोटबुक हवी त्यात ठेवा. पाच जणांची टीम, स्पार्क (मोठा डेटा अनेक मशीनवर हाताळणारं इंजिन) आणि एकच रेपो (गिटमधला कोडचा साठा) असं तुम्ही लिहिलंय, त्यात याहून वेगळा निर्णय घेण्यासारखं मला काही दिसत नाही. खरं तर मी लिहायला बसलो ते तुमच्या शेवटच्या वाक्यामुळे: "सीनियर म्हणतात, आउटपुट कमिट केलं (गिटच्या इतिहासात नोंदवलं) की पुरावा राहतो." हा युक्तिवाद मी इतक्यांदा ऐकलाय की आता सोडवत नाही.

आयपीवायएनबी म्हणजे आतून जेसन, ठरलेल्या रचनेतला मजकूर. नोटबुकमध्ये कोड सेल नावाच्या तुकड्यांत असतो. प्रत्येक सेलचा कोड, मेटाडेटा, एक्झिक्युशन काउंट आणि आउटपुट सगळं एकाच फाइलमध्ये. कोडला हात न लावता नोटबुक नुसती पुन्हा रन केली तरी फाइल बदलते. प्लॉट बेस६४ मजकूर म्हणून आत बसतो. तीन बाइटची चार अक्षरं होतात, म्हणजे चित्र मूळ आकाराच्या तिसऱ्या हिश्श्याने फुगतं, आणि तो सगळा मजकूर डिफमध्ये (दोन आवृत्त्यांतला फरक दाखवणाऱ्या यादीत) एका अजस्र ओळीत दिसतो.

याचं काय होतं ते एका उदाहरणात बघा. दुबार ओळी काढणारा एक सेल होता: एका कीच्या अनेक नोंदींना रो-नंबर द्यायचा, अपडेट-वेळ सर्वांत नवी ती पहिली, आणि पहिलीच ठेवायची. दोन नोंदींची वेळ तंतोतंत सारखी असली की कोणती पहिली येईल याचा स्पार्कमध्ये काही नेम नाही. म्हणून एकाने ऑर्डर-बायमध्ये (क्रम लावणाऱ्या भागात) ऑफसेट, म्हणजे नोंदीचा स्रोतातला क्रमांक, हा दुसरा निकष जोडला. बदल एका ओळीचा. त्याच दिवशी दुसऱ्याने तीच नोटबुक जुन्या ब्रँचवर वरून खाली रन केली, लॉगची एक ओळ घातली आणि आउटपुटसकट कमिट केली. दोन्ही बदल एकत्र करताना, म्हणजे मर्जमध्ये, चाळीसच्या वर कॉन्फ्लिक्ट (एकाच जागी दोघांचे वेगळे बदल), जवळजवळ सगळे काउंट आणि आउटपुटचे. गिटने मध्ये टाकलेल्या <<<<<<< खुणांनी जेसन मोडतं, त्यामुळे नोटबुक उघडतच नाही. आतलं बघायचं तर कच्चं जेसन वाचायचं. मर्ज करणारा वैतागला आणि एका बाजूची अख्खी फाइल घेऊन मोकळा झाला. निकषाची ओळ गेली. रिव्ह्यूमध्ये कुणाच्या लक्षात आलं नाही, कारण तेवढा डिफ कुणी वाचतच नाही.

जॉब हिरवाच, म्हणजे एररशिवाय पूर्ण. पण तोच इनपुट दोनदा चालवला की टेबलात वेगळ्या ओळी यायच्या. आणि कमिट केलेला तो 'पुरावा' काय सांगत होता? दुबार नोंदी: शून्य. अहो, रो-नंबर एक असलेलीच ओळ ठेवल्यावर दुबार शून्यच येणार, कोणतीही ओळ ठेवा! आउटपुट बरोबर होतं आणि डेटा चुकीचा. शिवाय ते आउटपुट नेमक्या त्याच कोडने दिलंय याची हमी फाइल देत नाही. सेल उलटसुलट क्रमाने चालवता येतात, आणि रन केल्यावर कोड बदलून सेव्ह केला तर जुनं आउटपुट नव्या कोडखाली तसंच बसून राहतं.

पुरावा हवा असेल तर तो रनच्या वेळी तयार करा. किती ओळी आल्या, किती गेल्या, कीच्या कॉलममध्ये नल (रिकाम्या जागा) किती, कोणत्या कमिट हॅशवर (कमिटच्या ओळख-क्रमांकावर) रन झाला, हे एका ऑडिट टेबलात लिहा. चाललेली नोटबुक जशीच्या तशी जपायची असेल तर पेपरमिलने (बाहेरून पॅरामीटर देऊन नोटबुक चालवणारं साधन) चालवा आणि आउटपुट नोटबुक रनच्या तारखेसह ऑब्जेक्ट स्टोअरमध्ये (फाइलींच्या वेगळ्या साठ्यात) टाका. गिटमध्ये नको. डेटाफ्रेमच्या पहिल्या वीस ओळींत ग्राहकांचे फोन नंबर असतील तर ते इतिहासात कायमचे जाऊन बसतात. पुढच्या कमिटमध्ये पुसून ते जात नाहीत. इतिहास पुन्हा लिहावा लागतो आणि सगळ्यांना नव्याने क्लोन करावं लागतं.

"मग एनबीस्ट्रिपआउट लावू" हा पुढचा मुद्दा येईल; ते कमिट होताना नोटबुकमधलं आउटपुट काढून टाकतं. लावा, पण त्याचा गिट फिल्टर ज्याच्या त्याच्या मशीनवरच्या गिट कॉन्फिगमध्ये बसतो, क्लोनबरोबर येत नाही. नवा माणूस इन्स्टॉल करायला विसरला की आउटपुट परत रेपोत. त्यामुळे हीच तपासणी सीआयमध्येही (प्रत्येक बदलावर सर्व्हरवर आपोआप चालणाऱ्या तपासण्यांत) ठेवा, नाहीतर ती शिस्त पंधरा दिवस टिकते.

पीवायचा मार्ग ज्युपिटरवर असाल तर ज्युपिटेक्स्टचा; ते नोटबुक साध्या मजकूर-फाइलीत ठेवतं. पर्सेंट फॉरमॅट निवडा, लाइट नको. सेल # %% ने सुरू होतो आणि व्हीएस कोड, स्पायडर दोन्हींना तो कळतो. रेपोच्या मुळाशी कॉन्फिग फाइल ठेवून दोन्ही फॉरमॅटची जोडी लावा आणि आयपीवायएनबी गिटइग्नोरमध्ये (गिटने दुर्लक्ष करायच्या फाइलींच्या यादीत) टाका. कोड पीवायमधून येतो, आउटपुट तुमच्या मशीनवरच्या आयपीवायएनबीत राहतं. पीवाय एडिटरमध्ये बदलणार असाल तर ज्युपिटरचं ऑटोसेव्ह बंद ठेवा, नाहीतर कुणाचं कुणावर सेव्ह झालं हे शोधत बसाल. फाइलच्या डोक्यावरच्या हेडरमध्ये ज्युपिटेक्स्टची आवृत्ती लिहिली जाते. प्रत्येकाची वेगळी असली की डिफमध्ये फुकटचा कचरा होतो, म्हणून नोटबुक मेटाडेटाचा फिल्टर लावून ती काढा. सेल मेटाडेटा मात्र सरसकट उडवू नका. पेपरमिल 'पॅरामीटर्स' हा टॅग तिथेच शोधतं. टॅग सापडला नाही तर ते आपण दिलेल्या पॅरामीटर्सचा सेल नोटबुकच्या अगदी वर घालतं, खालचा डीफॉल्ट तारखेचा सेल त्यानंतर चालून तारीख परत जुनी करतो, आणि जॉब रोज इमानेइतबारे त्याच जुन्या तारखेचा डेटा भरत राहतो. एरर येत नाही, फार तर लॉगमध्ये एक इशारा.

डेटाब्रिक्सवर (स्पार्कच्या नोटबुक्स चालवणारी क्लाउड सेवा) असाल तर सोर्स फॉरमॅट, म्हणजे त्यांचा पीवाय फाइलचा प्रकार, घ्या, ज्युपिटेक्स्टची गरज नाही. तिथे पहिली ओळ 'डेटाब्रिक्स नोटबुक सोर्स' अशी ठरलेली कॉमेंट असते. ती पहिलीच हवी. प्री-कमिट हुकने (कमिटआधी आपोआप चालणाऱ्या स्क्रिप्टने) वर लायसन्सचा मजकूर घातला की नोटबुकची साधी फाइल होते आणि नोटबुक म्हणून लावलेला जॉब पडतो. दोन सेलच्या मधोमध 'कमांड' शब्दापुढे दहा डॅशची कॉमेंट असते. एसक्यूएलचे सेल पायथन नोटबुकमध्ये 'मॅजिक' अशा कॉमेंट होऊन येतात, त्यांना लिंटर (कोडमधल्या चुका शोधणारं साधन) हात लावत नाही. तसे सेल निम्म्याहून जास्त असतील तर नोटबुकची मूळ भाषाच एसक्यूएल करा. डेटाब्रिक्सचाच डीबीसी हा फॉरमॅट म्हणजे आर्काइव्ह आहे. हलवाहलवीसाठी ठीक, गिटमध्ये निरुपयोगी.

आता पीवायच्या अडचणी, आधीच सांगायला हव्या होत्या. सोर्स फॉरमॅटमध्ये आउटपुट आणि नोटबुकमध्ये क्लिक करून बनवलेले चार्ट जात नाहीत. विश्लेषकांना तेच हवे असतील तर त्यांच्या नोटबुक्स आयपीवायएनबीतच राहू द्या आणि डिफ-मर्जसाठी एनबीडाइम लावा. त्याला सेल कळतात, जेसन मोडत नाही. मारिमो हा ज्युपिटरला पर्याय असलेला नोटबुकचा प्रकारही शुद्ध पीवाय आहे आणि सेलमधली अवलंबनं स्वतः ओळखतो, पण एकच व्हेरिएबल दोन सेलमध्ये देता येत नाही. 'डीएफ' हे एकच नाव तीस वेळा वापरणाऱ्या जुन्या नोटबुक्स त्यात नेणं म्हणजे त्या नव्याने लिहिणंच. आणि कोणताही फॉरमॅट घ्या, दुबार काढण्यासारखा कोड नोटबुकमध्ये ठेवूच नये. मॉड्यूलमध्ये फंक्शन करा आणि सारख्या वेळेच्या दोन नोंदी देऊन टेस्ट लिहा.

बदली करताना एक पाळा: फॉरमॅट बदलणारा कमिट वेगळा, त्यात लॉजिकची एकही ओळ नको. जेसनची पीवाय झाली की साम्य बहुधा ५० टक्क्यांखाली जातं, गिट त्याला रीनेम मानत नाही आणि ब्लेम (कोणती ओळ कुणी, कधी लिहिली याचा माग) तिथेच तुटतो. बदलाआधीचा हॅश रीडमीमध्ये लिहून ठेवा, सीनियरना जुनं आउटपुट बघायचं असेल तर तो द्या.