परकीय गुंतवणूक वाढली की चालू खात्यावरील तूट कमी व्हायला नको का?

परकीय गुंतवणूक आणि चालू खात्यावरील तूट या दोन्ही एकाच वर्षी वाढल्या, असे कसे होऊ शकते, हा आपला प्रश्न आहे. आयात, लाभांश, व्याज अशा व्यवहारांत देशाबाहेर जाणारा पैसा निर्यात आणि इतर मिळकतीपेक्षा जास्त झाला की चालू खात्यावर तूट येते. तूट भागणे आणि तूट कमी होणे या वेगळ्या गोष्टी आहेत. चालू खात्यावर जेवढी तूट येते तेवढी रक्कम भांडवली खात्यातून, म्हणजे परदेशी गुंतवणूक आणि कर्जांतून, किंवा रिझर्व्ह बँकेच्या परकीय चलनाच्या गंगाजळीतून यावीच लागते. गुंतवणुकीने ती भागते एवढेच.

उलट पुष्कळदा गुंतवणुकीनेच तूट वाढते. चाकणला एखादी जर्मन कंपनी कारखाना उभारते तेव्हा तिने आणलेल्या युरोंपैकी काही भाग यंत्रसामग्रीच्या आयातीपोटी लगेच बाहेर जातो, म्हणजे भांडवली खात्यावर जमा होते आणि चालू खात्यावर खर्च पडतो. पुढे लाभांश आणि स्वामित्वशुल्कही (रॉयल्टी) चालू खात्यातूनच जाते. नफा इथेच पुन्हा गुंतवला, तरी हिशेबात तो आधी बाहेर गेला आणि मग थेट गुंतवणूक म्हणून परत आला, असेच दाखवतात. निर्यात वाढून याची भरपाई होऊ शकते, पण त्याला वेळ लागतो.

शेअर आणि रोख्यांत येणाऱ्या पैशाची तऱ्हा याहून निराळी. तो येत असतो तोवर रुपया सावरलेला राहतो, आयात परवडते आणि तुटीची कोणाला फारशी चिंता वाटत नाही. २०१२-१३ मध्ये आपली तूट सकल देशांतर्गत उत्पादनाच्या ४.८ टक्के होती, तरी भांडवलाच्या ओघामुळे गंगाजळीला हात लावावा लागला नाही. मे २०१३ मध्ये अमेरिकेच्या फेडरल रिझर्व्ह या मध्यवर्ती बँकेचे अध्यक्ष बेन बर्नान्के यांनी बाजारात डॉलर ओतणारी रोखेखरेदी आवरती घेण्याचे संकेत देताच परदेशी गुंतवणूकदारांनी भारतीय रोखे विकायला सुरुवात केली आणि ५५च्या आसपास असलेला डॉलर २८ ऑगस्टला ६८ रुपयांच्या वर गेला. सोन्यावरील आयात शुल्क १० टक्क्यांवर नेण्यात आले, सप्टेंबरपासून रिझर्व्ह बँकेने अनिवासी भारतीयांच्या ठेवी आणि बँकांची परदेशी कर्जे यांसाठी सवलतीची योजना आणून सुमारे ३४ अब्ज डॉलर उभे केले, आणि २०१३-१४ ची तूट १.७ टक्क्यांवर आली. ही घट मुख्यतः सोन्याची आयात दाबल्यामुळे झाली. परकीय पैसा आटण्याच्या धास्तीने देशालाच खर्चाला कात्री लावावी लागली. म्हणून तूट किती, यापेक्षा ती कोणत्या पैशाने भागते आहे, हे मी आधी पाहतो.

२०२०-२१ मध्ये टाळेबंदीने आयात घटून चालू खात्यावर शिल्लक राहिली, तेव्हा आलेली गुंतवणूक भागवायला तूटच नव्हती. तो पैसा गंगाजळीत साचला.